पाचशेच्या स्टॅम्पवरचा घटस्फोट

माझ्याकडे पाचशे रुपयांचा एक स्टॅम्प पेपर आहे. वर ठळक अक्षरांत ‘घटस्फोटपत्र’, खाली आम्हा दोघांचे फोटो, सह्या आणि नोटरीचा लाल गोल शिक्का. या कागदाला मी अडतीस हजार रुपये मोजले. त्याने माझं लग्न मोडलेलंच नव्हतं, हे मला चौदा महिन्यांनी कळलं.

नवरा विरारला नोकरीला, मी माहेरी, रत्नागिरी तालुक्यात. तीन वर्षं आम्ही वेगळे राहत होतो. मूल नाही, भांडणही उरलेलं नाही, दोघांनाही मोकळं व्हायचं होतं. पण गावात जो तो सांगे, घटस्फोट म्हणजे लाखभराचा खर्च आणि वर्षानुवर्षं तारखा. त्या धास्तीनेच घात केला. ओळखीच्या एकाने झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसणाऱ्या माणसाशी गाठ घालून दिली. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, काखेत फायली. मी वकील आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. आम्हीच त्याला वकीलसाहेब म्हणायला लागलो.

“ताई, काळजी सोडा. दोन महिन्यांत मोकळं करतो.”

आधी पंधरा हजार घेतले. मग म्हणाला, नवरा मुंबईकडे, म्हणजे केस बांद्र्याला लावावी लागणार, जाण्यायेण्याचे आठ. मग कोर्ट फी पाच. शेवटी, कायद्याने सहा महिने थांबावं लागतं, ते माफ करून घ्यायचे तर वर दहा द्यावे लागतात. आईने आंब्याची कलमं कराराने दिली होती, त्यातले पैसे एकेक करून गेले. पावती मागितली की म्हणायचा, “कोर्टाच्या कामात पावती नसते.” नवरा शिमग्याला गावी आला तेव्हा सह्या झाल्या. कोर्टाची पायरी आम्ही दोघंही चढलो नाही. तेव्हाच संशय यायला हवा होता, पण कोर्टात जावं लागलं नाही याचाच आम्हाला आनंद.

पुढे मला राजापूरकडचं स्थळ आलं. बोलणी जवळजवळ ठरली होती. मुलाच्या मावशीने तो कागद पाहिला, उलटून पाहिला आणि विचारलं, “हुकूमनाम्याची नक्कल कुठे आहे?” हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. त्या कागदाच्या भरवशावर मी दुसरं लग्न केलं असतं तर ते बेकायदा ठरलं असतं आणि गुन्हा माझ्यावर आला असता.

मग आईला घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. तिथल्या मॅडमनी मला बसवून एकेक गोष्ट समजावली आणि मला रडूच कोसळलं. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या अर्जावर बाईला कोर्ट फी माफ आहे, तीही 1994पासून. केस बांद्र्याला लावायची गरजच नव्हती. 2003च्या दुरुस्तीनंतर बायको जिथे राहते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. आणि ते सहा महिने? हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-बखाली दोघांच्या संमतीने अर्ज करायचा तर आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. पण अर्जाआधीच दीड वर्षाहून जास्त वेगळे असाल, समेटाची आशा नसेल आणि देण्याघेण्याचं मिटलेलं असेल, तर कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने हे 2017मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी साधा अर्ज करायचा असतो. त्या माणसाने जे जे मला विकलं, ते बहुतेक माझ्या हक्काचंच होतं.

काही समाजांत रूढीने काडीमोड होते, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. आमच्यात तशी रूढी नाही. नोटरी फक्त सही कोणाची ते पाहतो, लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही.

तुमच्यापैकी कोणी या वाटेवर असेल तर पैसे देण्याआधी समोरच्याला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, विचारा आणि वकीलपत्रावर सही कोणाच्या नावाने करताय ते वाचा. केस दाखल झाली असं सांगितलं की त्या केसचा स्वतःचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर मागा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की पुढची तारीख स्वतःला दिसते. ज्या केसला नंबर नाही, ती केसच नाही. विधी सेवेचा 15100 हा फोन नंबर आईने आता भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवलाय.

पोलिसांत अर्ज दिला आहे. तो माणूस आता त्या दुकानाबाहेर दिसत नाही आणि पैसे परत आलेले नाहीत. आम्ही दोघांनी मग खऱ्या कोर्टात संमतीचा अर्ज केला. नवऱ्याने साथ दिली, कोर्टाच्या दोन्ही तारखांना रात्रीच्या गाडीने आला. मुदतमाफीचा अर्ज मंजूर झाला आणि हुकूमनामा हातात आला. या खेपेला माझा खर्च झाला एसटीच्या तिकिटांचा, झेरॉक्सचा, फोटोंचा आणि नकलेच्या फीचा. सगळा मिळून हजाराच्या आत.