गादीवाल्याकडून शिवून घेतलेली झाफू

झाझेनला, म्हणजे झेन पंथातल्या बैठ्या ध्यानाला, बसायला लागून दोन वर्षं झाली. पहिलं वर्षभर मी चौघडी सतरंजीवर बसायचे. दहा मिनिटांत पाय बधिर व्हायचे, गुडघे अधांतरी आणि कंबर मागे ढासळलेली. मला वाटायचं आपलं मनच लागत नाही. चूक बैठकीत होती.

ऑनलाइन झाफू (ध्यानाला बसायची गोल उशी) महाग वाटली, म्हणून इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका जुन्या गादी-रजईच्या दुकानात कागदावर मापं लिहून नेली: १४ इंच व्यास, ८ इंच उंची, कडेच्या पट्टीला चुण्या. जपानात आत कपोक (झाडाच्या शेंगांतला हलका कापूस) भरतात, नाहीतर कुट्टूची टरफलं. काकांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सेमल भरवाओ बहनजी, रुई तो महीनेभर में बैठ जाएगी." सेमल म्हणजे आपली सावर, कपोकच्याच कुळातली. आजीच्या घरी सावरीच्या कापसाच्या उशा असायच्या. हातात घेतल्या की हलक्या, पण डोकं उचललं की पुन्हा फुगायच्या. मी लगेच हो म्हटलं.

शिलाईसकट ७०० रुपये पडले. चार दिवसांत देतो म्हणाले, मिळाली अकराव्या दिवशी. शिवाय इतकी ठासून भरलेली की बसलं की पुढे घसरायला व्हायचं. परत नेली, तर त्यांनी शिवण उसवून दोन मुठी सावर काढली आणि माझ्यासमोर हाताने टाके घातले, वर पैसे घेतले नाहीत. एक खटकलं: चेन लावलेली नाही. पुढे भर कमी-जास्त करायची तर शिवण उसवावीच लागणार.

आता बसायचं कसं, कारण उशी चांगली असूनही लोक इथेच चुकतात. जपानी झेनमधल्या सोतो पंथाचे गुरू दोगेन (१२००–१२५३) सांगून गेलेत की जाड बैठक अंथरून तिच्यावर उशी ठेवावी आणि ती मांड्यांखाली पूर्ण न घेता फक्त मागच्या बाजूला घ्यावी. मी खाली घडीची गोधडी घालते, त्यामुळे घोटे दुखत नाहीत. उशीच्या पुढच्या भागावर टेकलं की कंबर आपोआप पुढे कलते, दोन्ही गुडघे खाली येतात आणि पाठ धरून ठेवावी लागत नाही. तोंड भिंतीकडे, डोळे अर्धे मिटलेले, डावा तळवा उजव्यावर, अंगठे जेमतेम टेकलेले. श्वास एक ते दहा मोजायचे, आकडा हरवला की पुन्हा एक.

आमच्याकडे सहा माणसं आहेत, त्यामुळे पहाटे ५ ते ५.२० एवढीच वेळ माझी. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. नळाच्या दिवशी मोटार लावून बसते, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडत असतं आणि टाकी भरत आली की तो आवाज बारीक होत जातो. पूर्वी त्या आवाजाची चिडचिड व्हायची, आता तो ऐकत बसते. आवाज पार बारीक झाला की उठते, मोटार बंद करते आणि येऊन पुन्हा एकपासून. शाळेचे डबे साडेपाचला सुरू होतात, पण आता त्या गडबडीत मी कुणावर तडकत नाही. हा फरक मुलीने बोलून दाखवला.

सात महिने झाले, उशी फार तर बोटभर बसली असेल. दुपारी त्याच उशीवर सासूबाई जपाला बसतात. मी परवा हट्टाने म्हटलं, "आई, तुमच्यासाठी वेगळी करून आणते." त्यांचे गुडघे वळत नाहीत, तेव्हा उंची १० इंच सांगणार आहे. आणि या वेळी चेनसुद्धा.