सुपरनोव्हाचा डेटा उतरवलाय, आता लॅम्डासमोर कुठलं मॉडेल उभं करायचं?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला टाइप वन-ए सुपरनोव्हा (ताऱ्यांचे जवळपास ठरावीक तेजाचे स्फोट, अंतर मोजायला वापरतात) घेणारे बरेच जण इथेच अडकतात. पँथिऑन प्लसचा डेटा फुकट मिळतो (1550 सुपरनोव्हा, 1701 लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचे आलेख), पायथन येतं, लॅम्डा सीडीएम (लॅम्डा म्हणजे न बदलणारी डार्क एनर्जी, सोबत कोल्ड डार्क मॅटर, हे सध्याचं प्रमाण मॉडेल) फिट होऊन ओमेगा एम, म्हणजे विश्वातला पदार्थाचा वाटा, 0.33 च्या आसपास येतो, मग पुढे काय?

टायर्ड लाइट सगळ्यात सोपं. झ्विकीची 1929 ची आयडिया, की विश्व पसरत नाही, प्रकाशच वाटेत दमतो. पण रेडशिफ्ट (z, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली) 0.5 लाच लॅम्डाशी 0.6 मॅग्निट्यूडचा (तेजाच्या मापाचा) फरक पडतो, म्हणजे हरणार हे आधीच माहीत, आणि खरा घाव तर वेगळाच आहे: लांबचा सुपरनोव्हा आपल्याला स्लो मोशनमध्ये विझताना दिसतो. डार्क एनर्जी सर्व्हेवाल्यांनी (डीईएस) 2024 मध्ये दीड हजार सुपरनोव्हांवर हे मोजलं तर 1+z चा घात 1.003 आला, स्टॅटिस्टिकल एरर फक्त 0.005, सिस्टिमॅटिक 0.010. टायर्ड लाइटला तो शून्य हवा. खेळ खल्लास.

फुल्व्हिओ मेलियाचं आर-एच बरोबर सीटी (विश्व कायम एकाच वेगाने पसरतं असं मानणारं मॉडेल) जास्त मजेशीर. सूत्र एका ओळीचं, ओमेगा एम नाहीच, आणि 0.5 ला लॅम्डाशी फरक जेमतेम 0.2 मॅग्निट्यूड. पॅरामीटर कमी असल्याने नुसता काय-स्क्वेअर (फिट आणि डेटा यांतल्या फरकाचं माप) बघून निकाल देऊ नका, बीआयसी (जास्त पॅरामीटरना दंड लावणारा निकष) काढाच.

आपल्या नारळीकरांचं हॉइल आणि बर्बिजसोबतचं 1993 चं क्वासी स्टेडी स्टेट (बिग बँग न मानणारं मॉडेल) घ्यायचा मोह होतो, मलाही झाला होता 😀 त्यात सुपरनोव्हा फिके दिसतात ते लोखंडाच्या सुईसारख्या धुळीमुळे. पण धुळीचं प्रमाण आपणच फिट करायचं, त्यामुळे कर्व्ह जुळला तरी नक्की काय सिद्ध झालं हे व्हायव्हात सांगताना घाम फुटतो.

आणि सध्याचा गरम विषय, बदलती डार्क एनर्जी, म्हणजे डब्ल्यू-नॉट डब्ल्यू-ए (डार्क एनर्जीची आजची अवस्था आणि तिचा बदल सांगणारे दोन पॅरामीटर). इथे गंमत बघा, 2024 च्या डेझीच्या (दीर्घिकांचा नकाशा काढणारा सर्व्हे) डेटाला (सीएमबी, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा उरलेला प्रकाश, धरून) पँथिऑन प्लस जोडला तर लॅम्डापासून 2.5 सिग्मा (एररच्या किती पट फरक), युनियन थ्री हा दुसरा सुपरनोव्हा सेट जोडला तर 3.5, डीईएसचा जोडला तर 3.9. फरक फक्त सुपरनोव्हा सेटचा! म्हणून हे घेणार असाल तर एका सेटवर थांबू नका, पण त्यासाठी एमसीएमसी (पॅरामीटर शोधायची रँडम सॅम्पलिंगची पद्धत) चालवता यायला हवं आणि हाताशी पूर्ण सेमिस्टर हवं.

तीनच महिने असतील तर डोळे झाकून मेलियावालं घ्या. मात्र फाइलमधली मॅग्निट्यूड करेक्शन करून आलेली असतात आणि त्या करेक्शनची सिम्युलेशन्स लॅम्डा सीडीएम धरूनच केलेली असतात, तेव्हा पाहुण्या मॉडेलला घरच्या मैदानाचा फायदा नाही हे रिपोर्टमध्ये लिहा, आणि कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (एरर एकमेकांशी कसे जोडलेत त्याचा तक्ता) पूर्ण वापरा, नुसते डायगोनल एरर घेऊन आलेला काय-स्क्वेअर गाइड पहिल्या मिनिटाला पकडतात.