मराठी माध्यमाच्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी एनव्हीडीए : कोल्हापुरात वापरताना काय चालतं, काय अडतं

आधी निष्कर्ष. आठवीच्या पुढच्या, ब्रेल येणाऱ्या दृष्टिहीन मुलाला किंवा मुलीला लॅपटॉप घेऊन देणार असाल, तर त्यावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, घाला. मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचं काम सुरू केलं. तो पूर्ण मोफत आहे आणि एकदा बसवला की इंटरनेट लागत नाही. गगनबावड्याकडच्या वाडीत रेंज असो वा नसो, तो बोलतो. मराठीत अडतं ते बहुतेक वेळा त्याच्यामुळे नव्हे, तर आपण त्याला वाचायला देतो त्या फाइलींमुळे.

बसवल्यावर उघडणाऱ्या स्वागताच्या खिडकीत कीबोर्डचा प्रकार 'लॅपटॉप' निवडा आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीए-की करा, म्हणजे एनव्हीडीएच्या आज्ञा देताना इतर कळांसोबत दाबायची कळ. लहान लॅपटॉपवर इन्सर्टची कळ कुठेतरी कोपऱ्यात असते, बोटांना सापडत नाही. मग एनव्हीडीए, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबून आवाजाची खिडकी उघडा आणि ईस्पीक या एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या आवाज-यंत्रणेतला मराठी आवाज निवडा. हे राहून गेलं तर इंग्रजी आवाज मराठी मजकुरावर अडखळत राहतो आणि घरचे म्हणतात, 'याला मराठी येतच नाही.' सुरुवातीला वेग ३० ते ४० ठेवा, कान सरावले की वाढवा. वाचन थांबवायला कंट्रोल. शिफ्टने ते तात्पुरतं थांबतं आणि पुन्हा दाबल्यावर तिथूनच सुरू होतं. शिकताना शिफ्टचाच उपयोग जास्त.

ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, ऐकायला गोड नाही. पण वेग कितीही वाढवला तरी शब्द सुटे ऐकू येतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तेच महत्त्वाचं. विंडोजमधले हेमंत आणि कल्पना हे हिंदी आवाज कानाला बरे वाटतात म्हणून काही पालक तेच लावून देतात. तसं करू नका. देवनागरी ते वाचतात, पण हिंदीच्या वळणाने : २५ ला 'पच्चीस' म्हणतात. इतिहासाच्या सनावळ्या आणि गणिताची उदाहरणं ऐकताना मूल मनातल्या मनात भाषांतर करत बसतं.

आता खरी अडचण. क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका, झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर आलेल्या फाइली, यातला बराच मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'कोल्हापूर' दिसतं, पण फाइलीत अक्षरं रोमन असतात, त्यांना फक्त देवनागरी रूप चढवलेलं असतं. एनव्हीडीए रूप पाहत नाही, आतलं वाचतो. कृतिदेवमधलं 'कोल्हापूर' त्याच्यासाठी डी-के-एस-वाय-जी-के-आय-डब्ल्यू-जे आहे. मुलाला ऐकू येतो तो निव्वळ कचरा.

ओळखायची पद्धत सोपी आहे. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट 'निर्मला यूआय' करा. अक्षरं इंग्रजी झाली तर फाइल जुनी, मराठीच राहिली तर युनिकोड, म्हणजे अक्षरं आतूनही देवनागरीच. डोळ्यांची मदत नको असेल तर मजकुरावर उभं राहून एनव्हीडीए आणि एफ दाबा, फॉन्टचं नाव ऐकू येतं. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलता येतो, पण पहिली वेलांटी आणि रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. जुन्या फॉन्टमध्ये ही चिन्हं उच्चाराच्या नव्हे, दिसण्याच्या क्रमाने टाइप झालेली असतात. म्हणून बदललेली फाइल डोळस माणसाने एकदा वाचायलाच हवी.

यापेक्षा डीटीपीवाल्याला आधीच युनिकोडमध्ये टाइप करायला सांगावं. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत ती सोय आहे. अडतं ते पेजमेकर या छपाईची पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरपाशी, कारण त्यात युनिकोड देवनागरी चालत नाही. दुकानदाराला एवढंच म्हणा : छपाईला पेजमेकर वापरा, पण आम्हाला वर्डची युनिकोड फाइल वेगळी द्या, आणि शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावा. ती असली तर एनव्हीडीए आणि स्पेस दाबून पुढे नुसतं एच दाबत धड्यामागून धडा गाठता येतो. नसली तर शंभर पानं बाणांनी उतरावी लागतात.

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. एनव्हीडीए आणि आर दाबून होणारी अक्षरांची ओळख विंडोजच्या यंत्रणेवर चालते आणि तिथे मराठी नाही. ती पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो. तक्ते आणि दोन रकान्यांची पानं मात्र विस्कटतात.

लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एफ आणि जे या कळांवरच्या उंचवट्यांखाली पहिली वेलांटी आणि र येतात. के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे या नऊ कळांत 'कोल्हापूर' उमटतं. ळ शिफ्ट-एनवर आहे. उच्चाराने टाइप करायची साधनं सुरुवातीला सोपी वाटतात, पण पर्यायांची यादी ऐकत बसावं लागतं आणि वेग कायमचा खुंटतो. खोडताना लक्षात ठेवा : बॅकस्पेस फक्त शेवटचं चिन्ह खातं, डिलीट पुढचं अख्खं जोडाक्षर.

ब्रेल येत नसेल तर थांबा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. 'कवि' आणि 'कवी' कानाला सारखेच लागतात. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलांचं ऱ्हस्वदीर्घ कच्चं राहतं, बोटांखाली वेलांटी वेगळी लागते. निदान एनव्हीडीए, कंट्रोल आणि पूर्णविराम दोनदा दाबून शब्द अक्षर-अक्षर ऐकायची सवय लावा.

भूमितीसाठी हे साधन नाही. समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर एनव्हीडीए गप्प बसतो. तिथे टेलर फ्रेम (खाचांत खुंट्या बसवून बोटांनी गणित मांडायची पाटी) आणि उठावाच्या आकृत्याच लागतात.

खर्च लॅपटॉपचा. एसएसडी आणि ८ जीबी रॅम पुरे. त्यापेक्षा कमी घेतलं तर कळ दाबल्यावर बोलायला उशीर होतो आणि मूल तीच कळ पुन्हा दाबतं. शाळेच्या संगणकासाठी एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर करून द्या, काही बसवावं लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम १७ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, अभ्यास साहित्य आणि सहायक साधनं मोफत मिळायला हवीत. मुख्याध्यापकांकडे अर्ज लेखी करा आणि त्यात 'युनिकोड मजकूर' हे दोन शब्द घाला.