एनजीओ दर्पण: गोव्यातल्या मंडळाला कितपत उपयोगी?

नीती आयोगाचं 'एनजीओ दर्पण' हे स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं पोर्टल पैसे देत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दर्पणचा क्रमांक आला की अनुदानही येणार, असा समज बऱ्याच मंडळांत आहे. मिळतो तो फक्त एक क्रमांक. गोव्यातल्या संस्थेचा 'जीए'ने सुरू होतो, पुढे वर्ष आणि आकडे. केंद्राच्या खात्याकडे अनुदानाचा अर्ज करायचा तर तो लागतोच. शुल्क शून्य, त्यामुळे 'करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे मोजायचं कारण नाही. कागद जुळत असतील तर एका बैठकीत भरून होणारा अर्ज आहे.

पण कागद जुळत नाहीत, आणि सगळं अडतं ते तिथेच. संस्था सोसायटी, ट्रस्ट किंवा कलम ८ ची (नफ्यासाठी नसलेली) कंपनी म्हणून नोंदलेली हवी, पॅन संस्थेच्या नावावर हवं, शिवाय किमान तीन पदाधिकाऱ्यांचं पॅन आणि आधार. पॅनवर जसं नाव छापलंय तसंच भरावं लागतं, तारीखही पॅनवरचीच. नोंदणी दाखल्यावर 'श्री' आहे आणि पॅनवर नाही, एवढ्यानेही अर्ज अडकतो. गोव्यात यात आणखी एक गाठ: जुन्या दस्तऐवजांत आडनावांची पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं, आधारवर दुसरी, पॅनवर तिसरी. नायक, कामत, गावकर मंडळींनी अर्जाला हात घालण्याआधी आपापली तिन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहावीत. दुरुस्ती आधी पॅन-आधारात करायची, मग पोर्टलवर. उलट क्रमाने गेलात तर सगळं दोनदा करावं लागतं.

मोबाइल क्रमांक मंडळाचा स्वतंत्र द्या. ओटीपी त्यावरच येतो. सेक्रेटरीचा खासगी नंबर दिला आणि तो नोकरीसाठी आखातात गेला की खातंच कुलूपबंद. ईमेलचंही तेच. मंडळाच्या दर निवडणुकीनंतर पदाधिकाऱ्यांची यादी बदलायलाही विसरू नये, कारण अनुदान देणारं खातं ती यादी मंडळाच्या ठरावाशी ताडून बघू शकतं.

पोर्टलची खरी चांगली बाजू म्हणजे शोध. राज्य निवडून कुठल्या संस्था कुठल्या विषयात काम करतात, निधी कुठून आल्याचं सांगतात, ते पाहता येतं. माहिती संस्थांनी स्वतः भरलेली, तेव्हा डोळे झाकून विश्वास नको. पण आपल्यासारखं काम आधी कोणी केलंय ते कळतं, आणि त्यांना जाऊन विचारता येतं. खात्यांच्या योजनांची यादीही आहे, मात्र ती वाचून योजना आज चालू आहे असं धरू नये. त्या खात्याच्या संकेतस्थळावर मुदत बघायचीच. मराठीत काही मिळेल ही अपेक्षाही सोडा.

क्रमांक हातात आल्यावर पुढे काय, हे पोर्टल सांगत नाही. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही वेगळी नोंदणी लागते, आणि तिच्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही. त्याआधी आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी झालेली हवी. शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. कालपरवा स्थापन झालेल्या मंडळाने इथे वेळ घालवू नये; गावातल्या जुन्या, हिशेब नीट ठेवणाऱ्या संस्थेच्या नावाने काम करावं, किंवा विषय ग्रामसभेत मांडून पंचायतीच्या विकास आराखड्यात घालून घ्यावा.

सभागृह, वाचनालयाची इमारत असं बांधकाम असेल तर आधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारा कागद, काढा. आपल्याकडची निम्मी सांस्कृतिक मंडळं देवळाच्या आवारात नांदतात. खासदार निधी (प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी) धार्मिक स्थळी किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर खर्च करता येत नाही, म्हणजे देवस्थानची जागा बाद. कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेची) जमीन असेल तर कोमुनिदादची मंजुरी हातात आल्याशिवाय अंदाजपत्रकावर पैसे घालवू नका.

केंद्राच्या अनुदानाची मंजूर रक्कम बहुतेक वेळा हप्त्यांनी येते. पुढचा हप्ता सीएने तपासलेले हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, नमुना जीएफआर १२-ए) दिल्यावर. मंडपवाल्याची कच्ची पावती त्यात चालत नाही. पक्कं बिल संस्थेच्याच नावावर आणि पैसे संस्थेच्या बँक खात्यातून गेलेले हवेत. खजिनदाराने खिशातून भरून मागाहून वळते केलेले पैसे लेखापरीक्षणात हमखास अडकतात.

नोंदणीसाठी दर्पणला पाचपैकी चार गुण, मार्गदर्शनासाठी दीड.