कन्सोलवर बोलायचं कशावर? पार्टी चॅट, डिस्कॉर्ड आणि गेममधलं चॅट तिन्ही वापरून झाल्यावर

आमचा चौघांचा ग्रुप आहे. दोघांकडे प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस५, एकाकडे एक्सबॉक्स आणि एकाकडे निन्टेन्डोचा जुना स्विच, असे वेगवेगळे गेम कन्सोल, त्यामुळे रोज रात्री पहिली पंधरा-वीस मिनिटं "ऐकू येतंय का", "तुझा आवाज तुटतोय", "थांब मी परत येतो" यातच जायची. सहा-सात महिने सगळे प्रकार आलटून पालटून वापरले आणि माझं मत आता पक्कं झालंय की चॅट निवडताना ज्याची सोय सगळ्यात कमी आहे त्या मित्राकडे आधी बघायचं. बाकीच्यांचं कशावरही भागतं हो, पण तो एक जण गप्प बसून खेळतो आणि मग हळूहळू यायचाच बंद होतो.

सगळ्यांकडे पीएस५ असेल तर पुढचं फार वाचायची गरज नाही, सरळ कन्सोलची पार्टी, म्हणजे कन्सोलमध्येच असलेलं मित्रांचं ग्रुप चॅट, वापरा. प्लेस्टेशन प्लसची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप लागत नाही, १६ जणांपर्यंत चालते, गेम बदलला तरी बोलणं तुटत नाही, आणि कोणाचा आवाज किती ठेवायचा ते प्रत्येकाचं वेगळं ठरवता येतं, जे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण प्रत्येक ग्रुपमध्ये एक ओरडणारा आणि एक पुटपुटणारा असतोच. स्क्रीन शेअर पण तिथेच मिळतं, अडकलेल्या मित्राला "डावीकडे, अरे डावीकडची शिडी" सांगायला त्यासारखं काही नाही.

फक्त एक गोष्ट, कंट्रोलरमधल्या माइकवर विसंबू नका. पीएस५ च्या कंट्रोलरला, म्हणजे ड्युअलसेन्सला, माइक आतच असतो आणि नवीन माणूस टीव्हीच्या स्पीकरवर आवाज मोठा ठेवून त्याच माइकवर बोलत बसतो. आमच्यातला एक जण असंच करायचा. मी म्हणायचो "मागे बघ" आणि अर्ध्या सेकंदाने त्याच्या टीव्हीतून माझंच "मागे बघ" परत माझ्या कानात यायचं, त्याच्या मागून गोळ्यांचे आवाज, आणि त्यात मला शत्रूची खरी पावलं कुठली तेच कळायचं नाही. दोन आठवडे आम्ही नेटला दोष देत होतो. शेवटी त्याला म्हटलं फोनबरोबर आलेले वायरवाले इअरफोन कंट्रोलरच्या खालच्या ३.५ एमएमच्या भोकात घाल. घातले आणि त्याच क्षणी घुमणं बंद! हेडसेट नसेलच तर निदान बोलायचं नसेल तेव्हा म्यूटचं बटण एकदा दाबून माइक बंद करायची सवय करा, म्यूट असताना ते केशरी दिसतं.

एक्सबॉक्सची पार्टी पण तेवढीच चांगली आहे, एका बाबतीत तर जास्तच, मागचा पंख्याचा किंवा घरातला आवाज कमी करायची सोय पार्टीतच आहे. एप्रिल २०२१ पासून तिलाही मेंबरशिप लागत नाही. कंट्रोलरला स्वतःचा माइक नाही, म्हणजे हेडसेट हवाच. आणि बोलण्याच्या बाबतीत या लोकांचा अनुभव जुना आहे, २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह आलं तेव्हा स्टार्टर किटमध्येच हेडसेट होता, २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर वेगवेगळे गेम खेळत आठ जण एकत्र बोलू शकत होते. पीएस३ वर ही सोय शेवटपर्यंत आली नाही, प्लेस्टेशनवाल्यांना टीव्हीसमोर बसून ती मिळाली २०१३ मध्ये पीएस४ आल्यावर. ज्यांनी तो काळ काढलाय त्यांना आजच्या पार्टीची किंमत कळेल.

एक अडचण राउटरची येते. पार्टीत तीन जणांना तुम्ही ऐकू येता आणि चौथ्याला नाही असं झालं तर आधी कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नॅट टाइप बघा, म्हणजे राउटर बाहेरच्यांना तुमच्या कन्सोलशी किती मोकळेपणाने जोडू देतो ते. एक्सबॉक्सवर स्ट्रिक्ट किंवा पीएसवर टाइप ३ दिसला तर बहुतेक तेच कारण. आमच्या एक्सबॉक्सवाल्याचं राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवी ती वाट राउटरने आपोआप उघडायची सेटिंग) चालू करून सगळं रीस्टार्ट केल्यावर सुटलं. घरात दोन राउटर एकाला एक जोडलेले असतील तर तेही तपासा.

आता मुद्दा वेगवेगळ्या कन्सोलचा. पीएसची पार्टी एक्सबॉक्सवाल्याला दिसत नाही आणि उलटही तेच. इथे डिस्कॉर्डला, म्हणजे फोनवर आणि कन्सोलवरही चालणाऱ्या ग्रुपने बोलायच्या ॲपला, पर्याय नाही. एक्सबॉक्सवर ते २०२२ मध्ये आलं, पीएस५ वर मार्च २०२३ मध्ये. सुरुवातीला फोनवरून कॉल कन्सोलवर ढकलावा लागायचा, आता थेट कन्सोलवरून चॅनलमध्ये, म्हणजे ग्रुपच्या बोलायच्या खोलीत, शिरता येतं. अकाउंट एकदा जोडायचं, बस. चॅनल कायम उघडं असतं, आमंत्रण पाठवत बसायला नको, जो येईल तो शिरतो, आणि गेम बंद करून झोपायला गेलेला माणूस पण फोनवरून गप्पा मारतो. एकच लक्षात ठेवा, पार्टी आणि डिस्कॉर्ड दोन्हीत एकदम राहता येत नाही.

स्विचवाल्याचं काय? जुन्या स्विचवर डिस्कॉर्डचं ॲप नाही, आणि निन्टेन्डोचं स्वतःचं व्हॉइस चॅट फोनच्या ॲपवर, तेही ठरावीक गेमपुरतं. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये गेमचॅट आहे, कंट्रोलरवर वेगळं सी बटण, माइक कन्सोलमध्येच, १२ जणांपर्यंत. ३१ मार्च २०२६ पर्यंत ते मेंबरशिपशिवाय फुकट ठेवलं होतं, त्यापुढे मेंबरशिप लागते. बाकी कन्सोलवाल्यांना त्यात घेता येत नाही, म्हणजे आमचा प्रश्न तिथेच.

गेममधलं चॅट मात्र लोक उगाच टाकाऊ समजतात. फोर्टनाइटमध्ये ते स्विचसकट सगळ्या कन्सोलवर चालतं, काही जोडायचं नाही, फोन नको. आवाज पार्टीइतका साफ नसतो पण चौघं एकत्र बोलतात आणि मला तेवढं पुरतं. फॅस्मोफोबियासारख्या भुतं शोधायच्या गेममध्ये तर गेमचंच चॅट वापरायला हवं, तिथे लांब गेलेल्याचा आवाज येत नाही, वॉकीटॉकी वापरावी लागते, मेलेल्याचं बोलणं जिवंत लोकांना ऐकू येत नाही. डिस्कॉर्डवर राहून मेलेला मित्र "भूत जिन्याखाली आहे" सांगायला लागला की खेळात उरलं काय?

हेडसेट घेणार असाल तर वायरवाला घ्या. साधा ब्लूटूथ हेडसेट पीएस५ ला किंवा एक्सबॉक्सला थेट जोडताच येत नाही, आणि स्विचवर आवाज येतो पण त्याचा माइक चालत नाही. वायरवर म्यूटचा छोटा खटका असलेला मिळाला तर उत्तम, अंधारात अंगठ्याने चाचपून लागतो.

सध्या आम्ही फोर्टनाइट असलं की गेमचं चॅट आणि बाकी वेळ डिस्कॉर्ड असं ठेवलंय. डिस्कॉर्ड असलं की स्विचवाला ते फोनवर लावून एका कानात फोनचा इअरफोन घालतो, दुसरा कान टीव्हीकडे मोकळा, टीव्हीचा आवाज बारीक. परवा सगळ्यात आधी पावलं त्यालाच ऐकू आली.