विंडोजचा नेटवर्क ब्रिज: तारेवर झकास, वाय-फायवर बेभरवशाचा

सोप्यात राउटर, माडीवर दोन कॉम्प्युटर, आणि वर गेलेली केबल एकच. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत हा मामला नेहमीचा. भिंती जाडजूड, त्यामुळे वाय-फाय जिन्यातच धापा टाकतं, आणि दुसऱ्या केबलसाठी भिंतीला पुन्हा भोक पाडायचं म्हटलं की घरातले डोळे वटारतात. अशा वेळी विंडोजमधला नेटवर्क ब्रिज फुकटात काम भागवतो: वर आलेली केबल पहिल्या कॉम्प्युटरला, त्याच्या दुसऱ्या पोर्टातून केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला, आणि ते दोन पोर्ट आतून जोडायचं काम ब्रिजचं. 2001 च्या एक्सपीपासून तो आहे, विंडोज 10 आणि 11 मध्येही आहे. फक्त सेटिंग्जच्या नव्या पानांवर शोधत बसू नका, तो जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये दडून बसलाय. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन.

पहिल्या कॉम्प्युटरला दोन लॅन पोर्ट हवेत. मदरबोर्डवर बहुतेक वेळा एकच असतो. दुसऱ्यासाठी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड किंवा यूएसबीचा लॅन अडॅप्टर. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात मागताना नुसतं 'यूएसबी टू लॅन द्या' म्हणू नका, आतली चिप विचारा. रिअलटेक 8153 असेल तर गिगाबिट (म्हणजे 1000 एमबीपीएस), 8152 असेल तर 100 एमबीपीएसवर गाडी थांबली. आणि 8153 घेऊनही तो यूएसबी 2.0 च्या पोर्टला खोचला तर पूर्ण वेग मिळत नाही, कारण त्या पोर्टची मर्यादाच 480 एमबीपीएस आहे.

केबल कॅट 5ई, शुद्ध तांब्याची. दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रॉस केबलचा (दोन टोकांना वेगळा क्रम असलेल्या केबलचा) जमाना गेला, गिगाबिट पोर्ट ते आपोआप जुळवून घेतात. निळी किंवा तपकिरी जोडी नीट पंच झाली नाही तरी नेट चालतं, पण 100 वर. कारण 100 ला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. 'प्लॅन 200 चा, स्पीड 94 च्या पुढे जाईना' ही तक्रार बहुतेक वेळा इथंच संपते.

जोडणी दोन मिनिटांची. विंडोज आणि आर दाबून 'एनसीपीए डॉट सीपीएल' (ncpa.cpl) उघडा, कंट्रोल दाबून दोन्ही लॅन निवडा, राइट क्लिक, 'ब्रिज कनेक्शन्स'. अ‍ॅडमिन खातं लागतं. त्या दोन्हींपैकी एकावरही इंटरनेट शेअरिंग (आपलं नेट दुसऱ्या कॉम्प्युटरला वाटायची विंडोजची वेगळी सोय) आधीपासून चालू असेल तर विंडोज ब्रिज बांधायला साफ नकार देतं. आधी प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंगच्या टॅबवरची ती खूण काढा. ब्रिज झाल्यावर दोन्ही कार्डांचे स्वतःचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) जातात आणि पत्ता एकट्या ब्रिजला मिळतो. हाताने आयपी घातलेला असेल तर तो ब्रिजवर परत घालावा लागतो. पाच-पंचवीस सेकंद धीर धरा, लगेच काढ-घाल करू नका.

मग मात्र हा प्रकार मनात भरतो. दुसरा कॉम्प्युटर थेट राउटरकडूनच पत्ता घेतो. म्हणजे सोप्यातला प्रिंटर त्याला दिसतो, फाइल शेअरिंग चालतं, मधल्या कॉम्प्युटरवर वेगळं काही मांडावं लागत नाही. राउटरवर मॅक फिल्टर (मॅक म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, यादीतल्यांनाच आत घ्यायचं) लावलेला असेल तर तेवढा दुसऱ्याचा मॅक पत्ता यादीत घाला.

वाय-फायने नेट घ्यायचं आणि लॅनने पुढे द्यायचं, हा हट्ट असेल तर गुण निम्म्यावर. राउटर वाय-फायवर जोडलेल्या कार्डाचाच मॅक ओळखतो. त्याच कार्डातून दुसऱ्याच्या नावाचं पाकीट आलं की टाकून देतो. विंडोज पत्ते बदलून वेळ मारून नेतं, पण काही कार्डांवर जमतं, काहींवर नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला 169.254 ने सुरू होणारा आयपी दिसला, की समजा जमलेलं नाही. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'नेटश ब्रिज शो अडॅप्टर' (netsh bridge show adapter) देऊन वाय-फायचा क्रमांक बघा, मग 'नेटश ब्रिज सेट अडॅप्टर' (netsh bridge set adapter), तो क्रमांक आणि 'फोर्सकॉम्पॅटमोड=एनेबल' (forcecompatmode=enable). तरीही नाहीच झालं तर ब्रिजचा नाद सोडा आणि इंटरनेट कनेक्शन शेअरिंग वापरा. त्यात दुसऱ्याला 192.168.137 चा वेगळा पत्ता मिळतो, सोप्यातला प्रिंटर आपोआप सापडत नाही, पण नेट चालतं. मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगलाही हाच रस्ता बरा.

साडेतीनच का, तर मधला कॉम्प्युटर झोपला की पलीकडचं नेट गेलं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे' अशा अर्थाची खूण काढा, नाहीतर यूएसबीचा अडॅप्टर मध्येच डुलकी घेतो. लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर आणि पलीकडचा लॅपटॉप बॅटरीवर असून उपयोग शून्य, कारण मधला डेस्कटॉप बंद पडलेला. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका केबलवरून अनेक कॉम्प्युटर जोडणारा डबा) साधारण हजाराच्या घरात येतो, त्याला ना स्लीप ना विंडोज अपडेट. अडॅप्टर नव्याने विकत आणायचाच असेल तर सरळ स्विच घ्या. ब्रिज खरा परवडतो तो दोन पोर्ट आधीपासून असलेल्या मशीनवर.

इंटरनेटवाल्याला फोन करून 'ब्रिज करून द्या' असं चुकूनही म्हणू नका. त्यांच्या भाषेत ब्रिज म्हणजे फायबरच्या डब्यातलं राउटरचं काम बंद करणं. मग पीपीपीओईचं (नेटवाल्याच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड घालून डायल करायची पाळी तुमच्या स्वतःच्या राउटरवर किंवा कॉम्प्युटरवर येते, आणि डब्याचं वाय-फायही बहुधा जातं.

केबल परड्यावरून शेजारच्या चुलत्यांच्या घरी न्यायचा बेत असेल तर वर सांगितलेलं तांबं तिथं नको. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या विजा जवळपास कुठं पडल्या तरी लांब तारेत दाब चढतो आणि दोन्हीकडचे पोर्ट एकदम जातात. तेवढ्या टप्प्याला फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन आणि फायबर जोडणारे छोटे डबे, प्रत्येक टोकाला एक) टाका.