नागपुरातून १४४१६ : ‘टेलि-मानस’ सेवेचे परीक्षण

धंतोली आणि रामदासपेठ या भागांत दवाखान्यांच्या पाट्यांची एवढी दाटी आहे की मनाच्या दुखण्यासाठी त्यांतले नेमके कोणते दार गाठावे, हे ठरवणे नागपूरकराला दुखण्याइतकेच जड जाते. एका पाटीवर ‘मेंदूविकार, मनोविकार, व्यसनमुक्ती व लैंगिक समस्या’ असे सगळे एका ओळीत मांडलेले असते, शेजारच्या पाटीवर नुसते ‘समुपदेशन केंद्र’ एवढेच लिहिलेले असते, आणि आत कोण बसते, त्याचे शिक्षण काय, फी किती, याचा उलगडा पायऱ्या चढून गेल्याशिवाय होत नाही. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी सेवेचे हे परीक्षण त्या पायऱ्या चढण्याआधीच्या टप्प्यापुरते आहे. उपचारांना पर्याय म्हणून मी तिच्याकडे पाहिलेले नाही, आणि तसे कोणी पाहूही नये.

ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. १४४१६ हा तिचा मुख्य क्रमांक. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हा दुसरा आहे. दोन्ही निःशुल्क आहेत आणि चोवीस तास चालतात. बंगळूरुची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था या कार्यक्रमाची शिखर संस्था असून देशभरात ५३ केंद्रे आणि २० भाषा असा तिचा विस्तार आहे. फोन लागल्यावर भाषा निवडायची आणि मग प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलायचे. प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा वाटला तर तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवायचा, अशी दोन पातळ्यांची रचना आहे. एरवी सरकारी माहितीपत्रकातली रचना आणि अनुभव यांची गाठ क्वचितच पडते. इथे ती बऱ्यापैकी पडली.

मला स्वतःला ही सेवा लागली ती झोपेच्या तक्रारीमुळे. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची, छाती धडधडायची आणि पुढे डोळ्याला डोळा लागत नसे. घराजवळच्या डॉक्टरसाहेबांनी ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली, आणि ते योग्यच केले, कारण थायरॉइड वाढल्यानेही अशीच धडधड आणि अस्वस्थता होते. दोन्ही अहवाल व्यवस्थित आले. त्यानंतर जो तो सल्ला देऊ लागला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “भाऊ, रात्री हळदीचं दूध घेत जा, सगळं बरोबर होते.” दुधाने काही बिघडले नाही, पण बरोबरही काही झाले नाही.

दूरध्वनीवरील संभाषणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पहिला फोन करण्याआधी ‘तिकडून काय विचारतील’ याचीच धास्ती बहुतेकांना असते. मराठी निवडल्यावर एका बाईंचा आवाज आला. वय आणि जिल्हा त्यांनी विचारला. पूर्ण नावाचा आग्रह झाला नाही. “तुम्ही सावकाश सांगा, मी ऐकते आहे,” एवढे म्हणून त्या खरोखरच बराच वेळ मध्ये बोलल्या नाहीत. त्यानंतरचे प्रश्न मात्र नेमके होते : झोप लागायला वेळ लागतो की लागलेली झोप मोडते, भूक कशी आहे, कामावर जाणे चालू आहे का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागते का, दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणे वाढले आहे का, घरात कोणाला हे माहीत आहे का. आणि मग, आवाजात कसलाही फरक न करता, “जगू नये असे वाटते का, स्वतःला काही इजा करून घेण्याचा विचार येतो का?” हा प्रश्न. ऐकणाऱ्याला तो दचकवतो, परंतु तो विचारणे हा अशा संभाषणाचा आवश्यक भाग आहे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट ज्याच्या मनात तो असतो त्याला तो बोलून दाखवण्याची मुभा मिळते. माझे उत्तर नकारार्थी होते, तेव्हा संभाषण पुढे सरकले. ते होकारार्थी असणाऱ्या माणसाने या प्रश्नाला टाळाटाळ करू नये एवढेच इथे सांगतो. आणि जीव तत्काळ धोक्यात असेल तर आधी १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ हा क्रमांक.

त्या बाईंनी आजाराचे नाव सांगितले नाही. फोनवरून निदान न करण्याचा हा संयम मला सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटला, कारण ओळखीपाळखीत आणि यूट्यूबवर निदान करणाऱ्यांची मुळीच वाण नाही. श्वासाचा एक साधा सराव त्यांनी सांगितला, झोपेच्या वेळेविषयी काही सूचना दिल्या, आणि तक्रार इतकी लांबली आहे तर मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटावे असे सुचवले. ‘समुपदेशकाला’ असे न म्हणता ‘मानसोपचारतज्ज्ञाला’ का, हेही विचारल्यावर समजावून दिले : मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, शारीरिक कारणे तपासून औषध देण्याचा अधिकार त्याला आहे, आणि औषधाची गरज नसेल तर तेही तोच सांगू शकतो.

इथून पुढची वाट मात्र आपली आपणच शोधावी लागते. नागपुरात सरकारी पर्याय चांगले आहेत, ही गोष्ट नागपूरकरांनाच फारशी ठाऊक नसते. मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. मिहानमधल्या एम्समध्ये ओपीडीची वेळ आगाऊ ऑनलाइन घेता येते. मेट्रोने खापरीपर्यंत जाऊन पुढे ऑटो करावा लागतो. आणि छिंदवाडा मार्गावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. १८६४ साली स्थापन झालेले, ९४० खाटांचे हे रुग्णालय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे (बाकीची ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीची). परंतु त्याच्यासमोरच्या चौकाला अर्धे शहर आजही पागलखाना चौक म्हणते आणि ऑटोवाल्याला तिथे थांब म्हणणे भल्याभल्यांना अवघड जाते. तिथल्या ओपीडीत बाहेरून येऊन, तपासून, औषध घेऊन परत जाणाऱ्यांची रांग असते, हे त्यांना माहीतच नसते.

या भीतीचा एक भाग कायद्याविषयीच्या अज्ञानातून येतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. ओपीडीत दाखवायला जाण्याचा आणि भरती होण्याचा काही संबंध नाही. भरती व्हायचेच ठरले तरी सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने ‘स्वतंत्र रुग्ण’ म्हणून दाखल होऊ शकतो आणि स्वतःच्या विनंतीवरून घरी जाऊ शकतो. डॉक्टरांना गंभीर धोका वाटला तर तपासणीसाठी फार तर चोवीस तास त्याला थांबवता येते. स्वतःविषयीची माहिती गोपनीय राहण्याचा आणि आपल्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो, त्यामुळे शिक्षेच्या भयाने उपचार टाळण्याचे कारण उरलेले नाही. माझ्या मते टेलि-मानसच्या प्रत्येक संभाषणात यांतली दोन-तीन वाक्ये हमखास सांगितली गेली पाहिजेत, कारण फोन करणारे बहुतेकजण याच टप्प्यावर अडखळतात.

खासगी क्षेत्रात वेगळी सावधगिरी लागते. मानसोपचारतज्ज्ञाच्या नावापुढे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. ही पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी असली पाहिजे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषध देत नाहीत. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणापासून शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमापर्यंत काहीही असू शकते, म्हणून तिथे शिक्षण, अनुभव आणि ते कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करतात हे विचारण्यात संकोच करू नये. एका खासगी केंद्रात माझी तक्रार ऐकून घेण्यापूर्वीच दहा सत्रांच्या ‘पॅकेज’चा तक्ता समोर ठेवला गेला आणि पैसे आगाऊ भरल्यास सवलत असल्याचे सांगितले गेले. कोचिंग क्लासच्या प्रवेशासारखा तो प्रकार होता. शिक्षणाविषयी विचारल्यावर भिंतीवरच्या चौकटींकडे बोट दाखवण्यात आले. त्यांतली बहुतेक प्रमाणपत्रे एकेका दिवसाच्या कार्यशाळेची होती. मी उठून आलो. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांतला फरक फोनवर आधीच कळला होता म्हणून उठता आले, हे या सेवेच्या जमेच्या बाजूला लिहायला हवे.

आता मर्यादा. दूरध्वनी सेवेत दर वेळी तोच आवाज भेटेल असे गृहीत धरता येत नाही, आणि आठवड्यामागून आठवडे त्याच व्यक्तीशी चालणारे समुपदेशन ज्याला हवे आहे त्याची गरज अशा व्यवस्थेत भागणे कठीण असते. यावर साधा उपाय म्हणजे आपली तक्रार, ती कधीपासून आहे, चालू औषधे आणि याआधी मिळालेला सल्ला असे अर्ध्या पानात लिहून ठेवणे. तोच कागद पुढे ओपीडीतही कामी येतो, जिथे डॉक्टरांकडे वेळ फार नसतो. ठरलेल्या वेळेत, विशेषतः इंग्रजी वा हिंदीतून, ईमेलनेही बोलायचे असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची २०१२ पासून चालणारी ‘आयकॉल’ ही सेवा चांगली आहे. मध्यरात्री मात्र उपयोग टेलि-मानसचाच. टेलि-मानसचे मोबाइल ॲप ऑक्टोबर २०२४ मध्ये आले, त्यात स्वतःची काळजी घेण्याविषयीचे साहित्य आहे. मला ते वाचायला ठीक वाटले, पण माणसाशी बोलण्याची सर त्याला नाही.

दुसरी मर्यादा सेवेची नाही, आपल्या घरांची आहे. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील तर हे बोलायचे कुठे? नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीमुळे पलीकडच्या खोलीत आपले बोलणे पोहोचत नाही ही सोय, पण त्याच घरघरीमुळे फोनमधला सौम्य आवाजही नीट ऐकू येत नाही. मी शेवटी गच्चीवर गेलो. तरुण मुलींना आणि सुनांना गच्चीही इतकी सहज मिळत नाही. महाविद्यालये, वाचनालये आणि महिला मंडळांनी एखादी दार लावता येणारी खोली यासाठी तासभर मोकळी ठेवली तर या क्रमांकाचा उपयोग खरोखर वाढेल.

माहितीच्या बाबतीत मराठी वाचक तसा पोरका नाही. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेची मराठी व्याख्याने यूट्यूबवर आहेत, ती शांतपणे ऐकण्याजोगी आहेत. एक गोष्ट मात्र कोणत्याही व्याख्यानाआधी कळायला हवी : नैराश्य आणि चिंतेवर सामान्यतः दिली जाणारी औषधे गुण दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात, सुरुवातीच्या दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता जाणवू शकते, आणि बरे वाटू लागले म्हणून ती स्वतःहून एकदम बंद करायची नसतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे आणि महिन्याभरात फरक पडला म्हणून गोळ्या सोडणारे, दोन्ही प्रकारचे लोक माझ्या परिचयात आहेत.

पाचपैकी चार गुण मी या सेवेला देईन. एक गुण कापला तो स्थानिक तपशिलासाठी : ‘जवळच्या शासकीय रुग्णालयात जा’ एवढ्यावर न थांबता नागपूरच्या माणसाला कोणत्या इमारतीत, कोणत्या वारी, किती वाजता केसपेपर काढायचा हेही त्याच फोनवर सांगता आले पाहिजे. ते होईपर्यंत निघण्यापूर्वी रुग्णालयात फोन करून ओपीडीची वेळ विचारून घ्यावी, कारण केसपेपरची खिडकी डॉक्टरांच्या आधी बंद होते. आरोग्य विमा असणाऱ्यांनी पॉलिसीही काढून वाचावी. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने कंपन्यांवर घातले आहे, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचाच खर्च देतात. ओपीडीची आणि समुपदेशनाची फी त्यात धरलेली आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.